चार बोटं खिडकी

…तर छपरावर देल्फिनाने टाच दोनदा आपटली आणि खाली माझ्या बहिणीच्या कपातली कॉफी हिंदकळली. काल गोष्ट इथवर आली होती आणि तेवढ्यात जेवायला हाक आली. देल्फिना उर्किदेस छपरावर असली की ओरडत नाही, टाच आपटते, हे सांगितलंच. एक टाच म्हणजे ‘मी वर आहे, खाली कुणी बटणाला हात लावू नका.’ दोन म्हणजे ‘उतरतेय, आणि बातमी चांगली नाही.’ एसी दुरुस्त करत ती तीस वर्षं आमच्या या वाळवंटी युमा गावाची छपरं तुडवतेय. अख्ख्या गावाला ही टाच कळते.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. पारा सात दिवस अठ्ठेचाळीसवरून हलत नव्हता. बरं, कोरडं ऊन आम्हाला चालतं, आम्ही त्यातच जन्मलो. पण त्या आठवड्यात खाली मेक्सिकोतल्या आखाताकडून दमट हवा वर आली होती. तसलं ऊन छातीवर येऊन बसतं. सकाळचे सातही वाजले नव्हते आणि देल्फिना शिडीवरून उतरली तेव्हा तिच्या हातमोज्यांतून घाम ठिबकत होता.

“काका, कंप्रेसर जळला.”

“मग फुंकर मारून विझव की,” मी म्हणालो. सवय आहे मला.

ती हसली नाही. “मेलाय तो. तेलाला करपट वास येतोय. दुसऱ्याच उन्हाळ्यात! मी बसवलेलं यंत्र असं कधी गेलं नाही.”

पुढची थट्टा मी गिळली. कारण ती बोलत होती त्या यंत्रावर माझ्या बहिणीचं सगळं ठरणार होतं.

ओतिलियाताई माझी थोरली. वय शहाऐंशी. माझी एक्क्याऐंशी झालीत तरी ती मला अजून ‘निका, नाक पूस’ म्हणते. दाजी गेल्यापासून त्या घरात एकटी राहते. आदल्या दिवशी दुपारी मी तिला तिखट घातलेला आंबा द्यायला गेलो, तर ती खुर्चीत नाही, पलंगावर नाही. न्हाणीघरात सापडली. अंगावरच्या कपड्यांसकट कोरड्या टबात बसली होती. मला बघून म्हणाली, “बाबा, तुम्ही शेतावरून लवकर आलात?”

आमचे बाबा जाऊन बावन्न वर्षं झाली होती.

मी तिला थंड पाण्याने भिजवलं, मिठाचं लिंबूपाणी चमच्याने पाजलं. तासाभराने तिने मला नाक पुसायला सांगितलं, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. पण शेजारणीने तोवर टूसान शहरात ताईच्या मुलाला फोन केला होता. संध्याकाळी भाच्याचा, आबुंदियोचा, मला फोन.

“मामा, शनिवारी दुपारी दोनला गाडी घेऊन येतोय. घर गार असलं तर आई राहील. नसलं तर माझ्याबरोबर येईल. कायमची.”

“अरे, ती त्या घरात साठ वर्षं…”

“कायमची, मामा.”

आणि बुधवारी सकाळी देल्फिना सांगतेय, कंप्रेसर मेला. नवा यायला बारा दिवस.

आता ही देल्फिना कोण, ते नीट सांगतो, म्हणजे पुढे तिने जे केलं त्याचा धक्का तुम्हालाही बसेल. वय सत्तावन्न. उंची जेमतेम माझ्या खांद्याला लागेल इतकी. लेट्यूसची खोकी भरायच्या शेडमध्ये घडली. हिवाळ्यात निम्म्या देशाला तो पाला आमचं गाव पुरवतं. शेतातून निघालेला गड्डा लगोलग गार केला नाही तर बाजारात पोचेपर्यंत त्याचा चिखल होतो. म्हणून आमच्याकडे गारवा आधी पाल्याला मिळाला, माणसाला मागाहून. देल्फिना एकोणिसाव्या वर्षी तिथे खोकी भरायला लागली. एक दिवस गार करायचं यंत्र बंद पडलं. मेकॅनिक दोन दिवस येणार नव्हता. ही मुकादमाला म्हणाली, “मी उघडून बघू?”

“तू खोकी भर,” मुकादम म्हणाला.

तिने खोकी भरली. जेवणाच्या सुट्टीत मेन स्विच पाडला आणि यंत्र उघडलं. आत तारेला एक सरडा भाजून चिकटला होता. तो काढला, तार घासली, यंत्र सुरू. सरडा रुमालात बांधला आणि मुकादमाच्या टेबलावर ठेवून म्हणाली, “हा घ्या तुमचा मेकॅनिक. याचा पगार माझ्या पाकिटात घाला.”

मुकादमाने खरंच घातला. तेव्हापासून ती यंत्रांत आहे.

तिच्या रीती बघत राहाव्यात अशा आहेत. घरात शिरली की आधी भिंतीला तळवा लावते, डॉक्टर कपाळाला लावतो तसा. हत्यारं पेटीत ठेवत नाही, पाण्याच्या बादलीत ठेवते. का, ते एकदा उन्हात पडलेला पाना उचलाल तेव्हा कळेल. मी उचललाय, आठवडाभर मला चमचा धरता येत नव्हता. यंत्र चांगलं असेल तर सरळ सांगते, “हे तुमच्यापेक्षा जास्त जगेल, नवं घेऊ नका.” नवं यंत्र विकायची आयती संधी घालवते म्हणून तिच्या धंद्यातले लोक तिला वेडी म्हणतात. हिवाळ्यात तेच यंत्र उलटं फिरवून ऊब द्यायला लावते. पारा दहावर आला की आम्ही युमावाले कानटोप्या काढतो. बर्फ टाळायला उत्तरेकडून आलेले म्हातारे तेव्हा अर्ध्या चड्डीत हिंडतात आणि आम्हाला हसतात. तिला बोलावणं दोघांकडूनही येतं.

आणि बोलणं? बोलणं नाहीच. मी तिला शिडीशी उभा राहून अर्धा तास गोष्ट सांगावी, आणि तिने वरून म्हणावं, “काका, तुम्ही बोला. मी ऐकत नाहीये.”

बरं, ताईच्या घरावर हे यंत्रही तिनेच बसवलं होतं, आदल्या वर्षीच्या वसंतात. त्याआधी पन्नास वर्षं तिथे पाण्याचा कूलर होता, सगळ्यांच्या घरांवर असायचा तसा. यंत्र बसल्यापासून काहीतरी चुकत होतं. पहिल्या उन्हाळ्यात ताईने तीनदा तक्रार केली, “दुपारी घर तापतं.” देल्फिना तीनदा पहाटे पाचला छपरावर. गॅस बरोबर, पंखा बरोबर, हवा खेळवणारे पत्र्याचे मार्ग बरोबर.

“खिडक्या उघडता का?” तिने विचारलं होतं.

“नाही गं बाई,” ताई म्हणाली.

“छे! आम्ही काय खुळे आहोत?” मी म्हणालो. मी तर शाळेत शिकलेला माणूस.

यंत्राचं पाणी बाहेर पडायची एक नळी असते. तिच्याखाली देल्फिनाने बादली ठेवली होती. मी येता-जाता ती बादली ताईच्या लिंबाला घालायचो. दुपारपर्यंत बादली भरायची. मी सगळ्या गावाला सांगत सुटलो होतो, “देल्फिनाने असं यंत्र बसवलंय की गारवाही देतं आणि लिंबालाही पाणी घालतं!” हे तिच्या कानावर गेलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली होती. ती आठी माझ्या लक्षात आली होती, अर्थ नव्हता आला.

तर बुधवारी यंत्र मेलं. तेवढ्या एका दिवसात गावात बोलणं सुरू झालं. “उर्किदेसबाईचं यंत्र दुसऱ्या उन्हाळ्यात गेलं.” न्हाव्याच्या दुकानात मी स्वतः ऐकलं. “म्हातारी टबात सापडली म्हणे.” “वय झालं आता तिचं, छपरं झेपत नाहीत.” मी भांडलो. पण मनात म्हणालो, अरे, खरंच की काय?

गुरुवारी पहाटे मी ताईकडे गेलो तर दारात खजुराच्या बागेतला क्रेनचा ट्रक. वर साखळीला एक एसी लोंबकळतोय, देल्फिनाचा दीर दांडा धरून, आणि देल्फिना छपरावरून हाताने खुणा करतेय. सूर्य वर यायच्या आत यंत्र बसलं, तारा जोडल्या, घर गार व्हायला लागलं.

“बारा दिवस लागणार होते ना?” मी विचारलं. “हे कुठून आणलंस?”

“होतं एक.”

“पडून होतं?”

“पडून नव्हतं. चालू होतं.” आणि बादलीत हत्यारं टाकून निघाली. मला ताईच्या जिवाची एवढी घाई होती की मी पुढे विचारलंही नाही.

गुरुवारी दुपारी घर गार. शुक्रवारी दुपारी घर तापलं! मी भिंतीला तळवा लावला आणि चटकन मागे घेतला. चांगलं यंत्र, नीट बसवलेलं, आणि पुन्हा तेच. लिंबाखालची बादली काठोकाठ. ताई खुर्चीत पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती. म्हणाली, “निका, माझी बॅग माळ्यावरून काढ. आबुंदियो उद्या येतोय.”

मी म्हणालो, “काढत नाही.”

“मग मी चढते.”

“शहाऐंशीव्या वर्षी?”

“तू एक्क्याऐंशीव्या वर्षी पोरासारखा हट्ट करतोस, तर मी का नको चढू?”

दोघं हसलो. आणि मग दोघंही रडलो. साठ वर्षं रोज सकाळी सहाला मी तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पितो. टूसान गाडीने चार तास. माझे डोळे आता गाडी चालवू देत नाहीत. म्हणजे ती गेली की गेलीच.

मी देल्फिनाला फोन केला. तिने एकच विचारलं, “आज बादली किती वाजता भरली?”

“अगं बादलीचं काय घेऊन बसलीस?”

“किती वाजता, काका?”

“अकरा.”

“बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला. बाई थंड डोक्याची आहे हे माहीत होतं, पण इतकी? मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू.

शनिवारी सकाळी सहाला मी नेहमीसारखा ताईकडे. हातात गोड पावाची पिशवी. ताई स्वयंपाकघरात कॉफी गाळत होती. माझ्याकडे बघेना. मला वाटलं, जायचं दुःख. मी नेहमीसारखा मागच्या खोलीत गेलो. ती दाजींची खोली. दाजी गेल्यापासून ताई तिथे पाऊल टाकत नाही. पण भिंतीवर त्यांचं घड्याळ आहे, त्याला रोज किल्ली मी देतो. गुरुवारच्या क्रेनच्या धांदलीत तेवढी राहिली होती. किल्ली देता देता मी बोलत होतो, कारण मी एकटा असलो तरी बोलतो. “दाजी, आज तुमची बायको चालली बघा…”

आणि कुणीतरी माझं मनगट पकडलं.

किंचाळलो मी. मला वाटलं दाजीच! वळून बघतो तर जाड पडद्याआडून देल्फिना बाहेर आलेली, हातात बॅटरी.

“काका,” ती हळू म्हणाली, “हात बघा.”

“कुणाचा?”

“तुमचा.”

मी बघितलं. डावा हात पडद्यामागे होता. दाजींच्या दोन खिडक्यांपैकी एक सरकलेली होती. आणि दुसरीच्या फटीत माझी चार बोटं, एकमेकांना चिकटवून, माप घ्यावं तशी उभी.

देवाशपथ सांगतो, ते मी केलं नव्हतं. म्हणजे केलं होतं, पण मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचा हात माझ्या खांद्याला शिवलाय असं वाटलं.

“रोज?” तिने विचारलं.

मी आठवून बघितलं. काही आठवेना. मग एकदम सगळं आठवलं, आणि ते कालचं नव्हतं, सत्तर वर्षांपूर्वीचं होतं. युमाजवळच्या गॅड्सडेन खेड्यातली आमची दोन खोल्यांची शाळा. खिडकीत पाण्याचा एक कूलर, गवताच्या पडद्याचा. टटलबाई म्हणून मास्तरीण होत्या. कूलरची हवा आत येते तशी बाहेर जायला हवी, नाहीतर खोलीचा नुसता चिकचिकाट होतो. म्हणून समोरच्या खिडक्या उघडायच्या, पण चारच बोटं. पाच बोटं उघडल्या तर गारवा पळतो, तीन बोटं उघडल्या तर गुदमरतं. बाईंनी ते काम मला दिलं. अख्ख्या शाळेत माझ्याच बोटांचं माप बरोबर म्हणून! मला दुसरं काही येत नव्हतं, भागाकार तर आजही येत नाही. पण रोज सकाळी घंटा झाली की मी खिडक्यांवरून चालत जायचो, छाती काढून. मग पन्नास वर्षं आमच्या घरी तेच, ताईकडे तेच. सकाळी उघडायच्या, मांजर शिरू नये म्हणून संध्याकाळी लावायच्या. कूलर गेला. हाताला कुणी सांगितलंच नाही.

“ही दमट हवा दिवसभर या फटीतून आत,” देल्फिना म्हणाली. “यंत्र तिचं पाणी करतंय, बादलीत सोडतंय, तुम्ही लिंबाला घालताय. घर गार करायला त्याला वेळच नाही. दिवसभर न थांबता धावून ते पहिलं मेलं.”

“मी मारलं?”

“तुम्ही एकट्याने नाही. तेवढं ऊनही होतं.”

ताई दारात येऊन उभी. पहाटेपासून तिला माहीत होतं. नंतर सांगितलं तिने, देल्फिना पहाटे पाचला आली आणि म्हणाली, ‘ताई, तुमचं यंत्र रात्रभर शहाण्यासारखं वागतं. सकाळी सहानंतर बिघडतं. सहा वाजता या घरात काय येतं?’ आणि ताई म्हणाली होती, ‘निका येतो.’

“नाक पूस,” ताई मला म्हणाली. या वेळी खरंच पुसायला लागलं.

देल्फिनाने दोन्ही खिडक्या सरकवून बंद केल्या. बादलीतून पेचकस काढला आणि चौकटीत चार स्क्रू मारले, कर्र कर्र कर्र. प्रत्येक स्क्रू मला टोचत होता.

दुपारी दोनला आबुंदियो आला. चेहरा घट्ट करून, गाडीचं मागचं दार उघडंच ठेवून. आत शिरला आणि थबकला. बाहेर सत्तेचाळीस, आणि आत त्याची आई खांद्यावर शाल घेऊन गोड पाव खात बसलेली.

“आई… थंडी वाजतेय तुला?”

“थोडी,” ताई म्हणाली. “गाडीचं दार लाव बाबा, बाहेरचं ऊन आत येतंय. आणि जेवून जा.”

तो जेवला, संध्याकाळपर्यंत थांबला, तीनदा भिंतीला हात लावून बघितला आणि एकटाच परत गेला. इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. खरा धक्का पुढे होता.

उन्हं कलल्यावर मी देल्फिनाकडे निघालो. ताईने मक्याच्या सालात बांधलेले तामाले डबाभर दिले होते. पण माझ्या पोटात त्या चार स्क्रूंचा राग होता. चूक माझी, कबूल. पण म्हणून पोराच्या हाताला लागू नये म्हणून कपाट बंद करावं तसं? एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसासमोर?

तिच्या गल्लीत वळलो आणि पाय जागीच थांबले. तिच्या छपरावर यंत्र नव्हतं. जिथे असायचं तिथे निळी ताडपत्री, चार विटा ठेवून दाबलेली.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडायला लागली. तिचं घर आणि ताईचं घर एकाच ठेकेदाराने एकाच वर्षी बांधलेलं, छपरातलं भोकसुद्धा एका मापाचं. ‘होतं एक. पडून नव्हतं, चालू होतं.’ गुरुवारपासून ही बाई, अख्ख्या गावाला गार करणारी, त्या दमट आगीत छपरावर भोक घेऊन राहत होती. आणि शुक्रवारी मी तिच्यावर चिडलो होतो. आणि रोज सकाळी सहाला, तिचंच यंत्र मारायला माझी चार बोटं…

मी डबा काखेत मारला आणि आत शिरलो.

ती ओसरीवर बसली होती, दोन्ही पाय हत्यारांच्या बादलीत. खिडकीत एक जुनाट कूलर खडखडत होता. असल्या हवेत कूलर म्हणजे नुसती ओली फुंकर. तिचे केस कपाळाला चिकटले होते.

“देल्फिना, हे काय केलंस?”

“बसा काका. बारा दिवसांतले तीन गेले.”

“मला सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर तुम्ही गावभर सांगितलं असतं. मग ओतिलियाताईंनी ते घेतलं असतं का?”

खरं होतं. मी बसलो. डबा उघडला, तिने दोन तामाले खाल्ले, मी एक. मला गप्प बसता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पोटातलं ओठांवर आलंच. मी उठून येरझारा घालायला लागलो आणि बोलत सुटलो. म्हणालो, तुझे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण ते स्क्रू माझ्या जिव्हारी लागले. मी काय लहान आहे? एकदा कळलं की कळलं. तू नुसतं म्हणाली असतीस, काका, उघडू नका, तर मी जन्मात त्या खिडकीला हात लावला नसता. मग ते स्क्रू मारलेस कशाला?

ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. माझ्या मागे, खाली कुठेतरी बघत होती. मी वळलो. तिच्या ओसरीवरची खिडकी सरकलेली होती, आणि फटीत माझी चार बोटं उभी होती.

देल्फिना पाय बादलीतून न काढता म्हणाली, “राहू द्या काका, इथे उघडी चालेल, इथे कूलर आहे. तिकडचं यंत्र मी कितीदाही दुरुस्त करीन. तुमच्या हाताला स्क्रू मारता येत नाही, म्हणून खिडकीला मारले.”